एक अँटेना, तीन जुने टीव्ही: सिग्नल वाटायचा कसा?

छतावर अँटेना एकच आणि घरात जुने टीव्ही दोन, तीन किंवा चार. अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला म्हणजे वायर सोला, तांबं तांब्याला आणि जाळी जाळीला पिळा, झालं काम. दुसरा म्हणजे चित्र खराब झालं की बूस्टर लावा. दोन्ही सल्ले बऱ्याच ठिकाणी थोडेफार चालून जातात, म्हणूनच ते टिकून आहेत. पण जिथे चालत नाहीत, तिथे ते का चालत नाहीत हे कोणी सांगत नाही. मग माणूस नवी वायर, नवा अँटेना, त्याहून मोठा बूस्टर अशी खरेदी करत राहतो आणि चित्र होतं तसंच राहतं.

त्यात ॲनालॉग प्रक्षेपण देशोदेशी बंद होत गेलं. अमेरिकेत पूर्ण क्षमतेची केंद्रं १२ जून २००९ रोजी थांबली, जपानच्या बहुतेक भागात २४ जुलै २०११ रोजी, ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१२ मध्ये. त्यामुळे काचेच्या पिक्चर ट्यूबचा टीव्ही ठेवणाऱ्यांपुढे दोन प्रश्न उभे राहतात. सिग्नल वाटायचा कसा, आणि आता येणारा सिग्नल या टीव्हीला कळणार कसा?

माझ्या मते या सगळ्यात सिग्नलची वाटणी हा सोपा भाग आहे. खरं काम आहे ते टीव्हींना एकमेकांच्या वाटेतून बाजूला ठेवण्याचं. ते कसं, हे बघण्याआधी वाटायचं आहे ते किती आहे, इथून सुरुवात करू.

## अँटेनातून येतं तरी किती?

छतांवर दिसणारा दांड्यादांड्यांचा अँटेना यागी-उडा या नावाने ओळखला जातो. जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या शिंतारो उडा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ मध्ये त्याची रचना मांडली. एका दांडीला वायर जोडलेली असते, बाकीच्या दांड्या फक्त लहरींना तिच्याकडे वळवतात. हा अँटेना स्वतः शक्ती तयार करत नाही. हवेतून जेवढं पोचलं तेवढंच तो खाली देतो.

ते फार थोडं असतं. केबलच्या तांत्रिक जगात चांगल्या ॲनालॉग चित्रासाठी १ मिलिव्होल्ट ही मोजमापाची जुनी पायरी आहे. ७५ ओहमच्या केबलवर (ओहम हे सिग्नलला होणाऱ्या विद्युत विरोधाचं माप) १ मिलिव्होल्ट म्हणजे, एका वॅटचे साडेसात कोटी भाग केले तर त्यातला एक. एवढ्याशा शक्तीवर टीव्ही अख्खं चित्र उभं करतो. म्हणून जोडणीतली बारीकशी चूकही पडद्यावर दिसते.

इथून पुढे एक शब्द लागेल, तो आत्ताच सांगून टाकतो. सिग्नल किती घटला किंवा वाढला हे डेसिबलमध्ये मोजतात. ३ डेसिबल घट म्हणजे शक्ती निम्मी. १० डेसिबल घट म्हणजे दहावा हिस्सा उरला. २० म्हणजे शंभरावा. सोय अशी की वाटेतल्या सगळ्या घटींची साधी बेरीज करता येते.

## वाटणीचा हिशोब

स्प्लिटर ही बोटभर लांबीची धातूची डबी. एका बाजूने अँटेनाची केबल आत जाते, दुसऱ्या बाजूने दोन, तीन, चार किंवा आठ तोंडं बाहेर येतात. दोघांत सारखी वाटणी केली तर प्रत्येकाला निम्मं, म्हणजे ३ डेसिबल घट. डबीतही थोडं खर्ची पडतं, म्हणून प्रत्यक्षात साडेतीन धरायचे. तीन तोंडांच्या डबीत सुमारे साडेपाच, चारच्या डबीत सात, आठच्या डबीत साडेदहा ते अकरा. काही तीन तोंडांच्या डब्यांत एका तोंडाला साडेतीन आणि उरलेल्या दोघांना सात अशी असमान वाटणी असते. ती डबीवरच छापलेली असते आणि लांबच्या खोलीसाठी ती फार उपयोगी पडते: कमी घटीचं तोंड लांबच्या टीव्हीला द्यायचं.

केबलही आपला हिस्सा घेते. घराघरांत दिसणारी आरजी-६ केबल ६०० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे यूएचएफ चॅनेलांवर, शंभर मीटरला साधारण १७ डेसिबल खाते. २०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या व्हीएचएफ चॅनेलांवर हाच आकडा जवळपास निम्मा होतो. जुनी, बारीक आरजी-५९ केबल याहून जास्त खाते.

आता बेरीज करू. वीस मीटर केबलचे साडेतीन आणि दोन तोंडांच्या स्प्लिटरचे साडेतीन, एकूण सात डेसिबल. अँटेनापाशी १ मिलिव्होल्ट होता तर टीव्हीपाशी साधारण ४५० मायक्रोव्होल्ट उरतील. जुन्या ॲनालॉग टीव्हीवर एवढ्यात चित्र छान दिसतं, फक्त गडद भागात नीट पाहिलं तर मुंग्यांची पहिली चाहूल लागते. अँटेनापाशी सिग्नल दणकट असेल तर चार टीव्हीसुद्धा बूस्टरशिवाय चालतात. मुळातच तो काठावर असेल तर दोन टीव्हीही जड जातात. तेव्हा किती टीव्ही चालतील, याचं उत्तर छतावर ठरतं.

## एक टीव्ही बंद ठेवला तर त्याचा वाटा दुसऱ्याला मिळेल ना?

नाही मिळत. स्प्लिटर तोंडं मोजून वाटतो, त्या तोंडाला काय जोडलंय याकडे तो बघत नाही. टीव्ही बंद असो, चालू असो किंवा जोडलेलाच नसो, त्या तोंडाचा वाटा तिकडेच जातो. म्हणून दोन टीव्ही असताना पुढेमागे लागेल म्हणून आठ तोंडांची डबी बसवणं म्हणजे सहा वाटे रोज फुकट घालवणं. जे तोंड रिकामं राहतं त्याला ७५ ओहमची छोटी टोपी मिळते, ती लावावी. ती त्या वाट्याला शोषून घेते, नाहीतर तो तिथून परत फिरतो.

## वायरी नुसत्या पिळून जोडल्या तर काय बिघडतं?

सरळ उत्तर असं की कागदावर फारसं काही बिघडत नाही. केबल ७५ ओहमची, दोन्ही टीव्ही ७५ ओहमचे. दोघं एकत्र पिळले की केबलला समोर ३७.५ ओहम दिसतात. हा बदल जाणवला की येणाऱ्या शक्तीचा नववा हिस्सा परत फिरतो आणि उरलेले आठ हिस्से दोघांत वाटले जातात. प्रत्येकाची घट साडेतीन डेसिबल. म्हणजे स्प्लिटरमधूनही तेवढीच! पिळलेली जोडणी काही घरांत खुशाल चालते त्याचं कारण हे.

पण हा हिशोब खरा ठरायला दोन्ही टीव्ही प्रत्येक क्षणी, प्रत्येक चॅनेलवर ७५ ओहमचे दिसले पाहिजेत, आणि तसे ते दिसत नाहीत. टीव्हीचा ट्यूनर ज्या चॅनेलवर लावलेला असतो तेवढ्याच चॅनेलला तो नीट सामोरा जातो. बाकीच्या चॅनेलांसाठी तो जवळजवळ बंद दारासारखा असतो. एका खोलीत कोणी चॅनेल बदललं की दुसऱ्या खोलीतलं चित्र हलतं, ते यामुळे.

टीव्ही काढून घेतला आणि वायरीचा तुकडा तसाच लोंबत ठेवला, तर त्याहून वाईट. २०० मेगाहर्ट्झच्या चॅनेलची लहर केबलच्या आत सुमारे सव्वा मीटर लांब असते. तिच्या चौथ्या भागाइतका, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटरचा, टोक उघडं असलेला तुकडा जोडापासून लोंबत राहिला तर तो त्या चॅनेलपुरता जोडाला शॉर्ट करून टाकतो. बाकी सगळी चॅनेलं ठीक आणि एकच गायब, असा प्रकार दिसला तर आधी असा लोंबता तुकडा शोधावा.

## टीव्ही स्वतःही बोलतो

याची कल्पना फार थोड्यांना असते. जुना टीव्ही अँटेनाच्या सॉकेटमधून फक्त घेत नाही, थोडं बाहेरही टाकतो. हवं ते चॅनेल वेगळं काढण्यासाठी त्याच्या आत एक छोटा जनित्र-सर्किट सतत चालू असतो. त्याला लोकल ऑसिलेटर म्हणतात. त्याची लहर थोडी थोडी सॉकेटमधून गळते.

युरोपात आणि इतरत्र पसरलेल्या ६२५ रेषांच्या पाल (PAL) या ॲनालॉग टीव्ही पद्धतीत हा ऑसिलेटर बहुधा चित्राच्या लहरीपेक्षा ३८.९ मेगाहर्ट्झ वर चालतो. समजा पहिल्या खोलीत कोणी चॅनेल ५ बघतंय. त्याच्या चित्राची लहर १७५.२५ वर, म्हणजे ऑसिलेटर २१४.१५ वर. दुसऱ्या खोलीत चॅनेल १० लावलंय. ते चॅनेल २०९ ते २१६ मेगाहर्ट्झमध्ये बसतं आणि त्याची रंगाची लहर साधारण २१४.७ वर असते. पहिल्या टीव्हीची गळती नेमकी रंगाच्या लहरीशेजारी जाऊन पडली. परिणाम म्हणजे दुसऱ्या पडद्यावर तिरक्या, रंगीत, सरकणाऱ्या पट्ट्या. अँटेना फिरवून किंवा केबल बदलून हे जात नाही. पहिल्या टीव्हीचं चॅनेल बदललं की मात्र तत्क्षणी जातं. दोन्ही खोल्यांत एकेक माणूस उभा करून दोन मिनिटांत हे तपासता येतं.

पिळलेल्या जोडात या गळतीला दुसऱ्या टीव्हीकडे जायला मोकळा रस्ता असतो. चांगल्या स्प्लिटरची खरी किंमत इथे कळते. डबी उघडून पाहिली तर आत फेराइटचे मण्यांएवढे गाभे, त्यांभोवती बारीक तांब्याच्या तारेचे मोजके वेढे आणि दोन बाहेरच्या तोंडांमध्ये एक छोटा रेझिस्टर, एवढंच दिसतं. रचना अशी असते की अँटेनाकडून आलेलं दोन्हीकडे जातं, पण एका तोंडातून उलट आलेलं दुसऱ्या तोंडापाशी पोचेपर्यंत गुंडाळीतल्या आणि रेझिस्टरमधल्या प्रवाहांनी एकमेकांना खोडून टाकतं. उरतं ते शंभराव्या हिश्शाहून कमी. एवढ्याशा वस्तूत इतकी सुंदर युक्ती कोंबलेली आहे, याचं मला कौतुक वाटतं.

काही हलक्या डब्यांत मात्र गुंडाळी नसते, नुसते तीन रेझिस्टर असतात. त्यात दोघांना निम्म्याऐवजी पाव वाटाच मिळतो, आणि टीव्हींची एकमेकांपासून सोडवणूकही तेवढीच लंगडी. डबीवर दोन तोंडांना ६ डेसिबल लिहिलेलं दिसलं की ती अशीच समजावी.

## दुहेरी चित्र: दोष केबलचा की बाहेरचा?

परत फिरलेला सिग्नल पडद्यावर मूळ चित्राच्या उजवीकडे सावली म्हणून उमटतो. ही सावली किती अंतरावर आहे ते साध्या पट्टीने मोजता येतं, आणि त्यावरून दोष कुठे आहे ते कळतं.

पडद्यावरची एक रेष डावीकडून उजवीकडे ५२ मायक्रोसेकंदांत आखली जाते. पडदा ४० सेंटिमीटर रुंद धरू. वीस मीटर केबलमधून एक फेरी मारून आलेला सिग्नल जेमतेम ०.१६ मायक्रोसेकंद उशिरा पोचतो, म्हणजे सावली सव्वा मिलिमीटरवर. ती वेगळी दिसतच नाही. अक्षरांच्या कडा फिसकटल्यासारख्या वाटतात, एवढंच. पण सावली पाऊण सेंटिमीटरवर असेल तर सिग्नल साधारण ३०० मीटर जास्त चालून आलाय, आणि चार सेंटिमीटरवर असेल तर दीड किलोमीटरहून थोडा जास्त. एवढी केबल कोणाच्या घरात नसते. तो सिग्नल एखाद्या इमारतीवरून किंवा डोंगरावरून आपटून आलाय. तिथे स्प्लिटर बदलून उपयोग नाही, अँटेनाची दिशा आणि जागा बदलावी लागते.

थोडक्यात, कडा फिसकटल्या तर घरातल्या जोडण्या तपासा, सावली ठळक आणि दूर असेल तर छतावर चढा.

## टीव्हीमागचे ते दोन स्क्रू

बऱ्याच जुन्या टीव्हींना गोल सॉकेट नसतं. मागे दोन स्क्रू असतात आणि त्यांना चपटी, दोन तारांची वायर जोडलेली असते. ही वायर ३०० ओहमची, गोल केबल ७५ ओहमची. दोघांना सरळ जोडलं तर मोठा हिस्सा परत फिरतो. मध्ये बालुन नावाचा अंगठ्याएवढा ट्रान्सफॉर्मर लावायचा. तो ७५ चे ३०० करून देतो. अनेक अँटेनांच्या मधल्या दांडीपाशीही प्लास्टिकच्या डबीत असाच बालुन बसवलेला असतो.

काही टीव्हींना चार स्क्रू असतात, दोन व्हीएचएफसाठी आणि दोन यूएचएफसाठी. तिथे साधा स्प्लिटर न वापरता बँड वेगळे करणारी डबी वापरावी. ती खालचे चॅनेल एका बाजूला आणि वरचे दुसऱ्या बाजूला पाठवते, त्यामुळे वाटणीची घट जवळपास लागत नाही.

चपटी वायर कोरडी आणि मोकळी असेल तर खरं म्हणजे गोल केबलपेक्षा कमी खाते. पण ती पाइपाला, खिडकीच्या गजाला चिकटली किंवा भिजली की बिघडते. अनेक टीव्हींना वाटायचं असेल तर भिंतीतून गोल केबलच न्यावी आणि शेवटच्या हातभर अंतरावर बालुन लावावा.

## मग बूस्टर कशाला असतो?

बूस्टर सिग्नल वाढवतो, हे खरं. पण तो आपल्यापाशी आलेलं सगळंच वाढवतो. टीव्हीवरच्या मुंग्या म्हणजे गोंगाट: तारेतल्या आणि ट्रान्झिस्टरमधल्या इलेक्ट्रॉनांची सततची खळबळ. ती शून्य करता येत नाही. चित्र चांगलं दिसतं ते सिग्नल या गोंगाटाच्या किती वर आहे त्यावर, सिग्नल नुसता किती मोठा आहे त्यावर नाही.

सभेत एखादा वक्ता हळू बोलतोय अशी कल्पना करा. माइक त्याच्या तोंडाशी धरला तर शेवटच्या रांगेलाही शब्द कळतात. तोच माइक शेवटच्या रांगेत ठेवून आवाज कितीही वाढवला, तरी मधल्या गर्दीची कुजबुज त्याबरोबरच वाढणार. शब्द काही सुटे होणार नाहीत.

बूस्टर हा तो माइक. तो अँटेनापाशी लावला तर सिग्नल केबलमध्ये आणि स्प्लिटरमध्ये झिजायच्या आधी वाढतो, आणि पुढची झीज जवळजवळ जाणवत नाही. टीव्हीमागे लावला तर झिजलेला सिग्नल वाढतो. हॅराल्ड फ्रिस या अभियंत्याने १९४४ मध्ये हे सूत्रात मांडलं: साखळीत पहिला वाढवणारा जो असेल, त्याचाच गोंगाट शेवटच्या निकालावर सर्वांत जास्त उमटतो. म्हणून बूस्टर घेताना तो किती पट वाढवतो यापेक्षा त्याचा स्वतःचा गोंगाट किती, तो आकडा आधी बघावा. दोन-तीन डेसिबलच्या आत असेल तर उत्तम.

अँटेनापाशीच सिग्नल गोंगाटात बुडालेला असेल, तर कुठलाच बूस्टर त्याला बाहेर काढत नाही. तिथे अँटेना उंच करणं, त्याचं तोंड केंद्राकडे बरोबर वळवणं, मोठा अँटेना घेणं हाच उपाय. एकाच प्रकारचे दोन अँटेना नीट जोडले तरी फार तर ३ डेसिबल मिळतात. जागा बदलल्याने कित्येकदा त्याहून खूप जास्त मिळतात.

## जास्त ताकदीचा बूस्टर घेतला तर जास्त चांगलं ना?

उलट. वाटेत जेवढं झिजतं तेवढं आणि वर थोडं, इतकंच वाढवायचं. आपल्या उदाहरणात घट सात डेसिबल होती; १२ ते १५ डेसिबलचा बूस्टर पुरेसा आहे. ३० चा लावला आणि जवळ एखादं ताकदवान केंद्र असलं, तर बूस्टर किंवा टीव्हीचा ट्यूनर भरून वाहतो. मग चॅनेलं एकमेकांत मिसळतात, नसलेल्या ठिकाणी चित्रं दिसतात, आडव्या पट्ट्या फिरतात. लोक हे बघून सिग्नल कमी पडतोय असं समजतात आणि आणखी मोठा बूस्टर आणतात.

आताच्या काळात आणखी एक पाहुणा आलाय. टीव्हीच्या वरच्या बँडमधले ७०० आणि ८०० मेगाहर्ट्झच्या आसपासचे पट्टे बऱ्याच देशांत मोबाइलला दिले गेले. जुने बूस्टर ८६० पर्यंत सगळंच वाढवतात, त्यात शेजारच्या मोबाइल टॉवरचाही सिग्नल आला. बूस्टरच्या आधी तो पट्टा अडवणारा फिल्टर लावला की हा त्रास मिटतो.

अँटेनाजवळचा बूस्टर वीज घेतो ती त्याच केबलमधून. घरात एक छोटा ॲडॉप्टर केबलमध्ये वीज सोडतो. म्हणून क्रम असा हवा: अँटेना, बूस्टर, खाली येणारी केबल, मग वीज सोडणारी डबी, आणि त्यानंतर स्प्लिटर. स्प्लिटर मध्ये घुसवला तर वीज फक्त त्याच्या खूण केलेल्या तोंडातून वर जाते, साध्या डबीत तर जातच नाही. आणि चुकून ती बालुन लावलेल्या टीव्हीकडे वळली तर बालुनमध्ये शॉर्ट होते.

## डिजिटल आलं, आता जुना टीव्ही कसा चालवायचा?

अँटेना बहुधा तोच चालतो. "डिजिटल अँटेना" असं लिहून विकलं जातं, पण दांड्यांना लहर ॲनालॉग की डिजिटल हे कळत नाही. त्यांना फक्त तिची लांबी कळते. केंद्राने बँड बदलला नसेल तर अँटेना बदलायचं कारण नाही. केबल, स्प्लिटर, बालुनही तेच. फक्त जुन्या टीव्हीच्या ट्यूनरला ही भाषा येत नाही, म्हणून मध्ये सेट-टॉप बॉक्स लागतो.

डिजिटलमध्ये वाटणी सोपी होते. ॲनालॉग चित्र स्वच्छ दिसायला सिग्नल गोंगाटाच्या ४५ डेसिबलच्या आसपास वर हवा. अमेरिकेच्या डिजिटल पद्धतीला सुमारे १५ पुरतात. युरोपच्या पद्धतींना सेटिंगनुसार थोडे कमी-जास्त. पण इथे मुंग्या येऊन आधी सूचना मिळत नाही. त्या मर्यादेच्या वर चित्र निर्मळ, थोडं खाली गेलं की चौकोन पडतात, अडकतं, आणि मग काळा पडदा. म्हणून स्प्लिटर वाढवताना मर्यादेच्या काठावर राहू नये. पाच-सहा डेसिबल हातात ठेवावेत.

बॉक्स किती लागतील? प्रत्येक टीव्हीवर वेगळं चॅनेल हवं असेल तर प्रत्येकाला एक बॉक्स, आणि स्प्लिटर बॉक्सच्या आधी. सगळीकडे एकच चॅनेल चालणार असेल तर एकच बॉक्स पुरतो, आणि स्प्लिटर बॉक्सच्या नंतर. काही बॉक्सना जुन्या टीव्हीसाठी अँटेनासारखं बाहेरचं तोंड असतं. अमेरिकी बॉक्समध्ये ते चॅनेल ३ किंवा ४ वर दिसतं. नसेल तर पिवळ्या पिनेला मॉड्युलेटर नावाची छोटी डबी लावायची, ती चित्राला एखाद्या चॅनेलवर बसवून देते. तिथून निघणारा सिग्नल मिलिव्होल्टांत असतो, तेव्हा तीन-चार टीव्हींना तो बूस्टरशिवाय आरामात पुरतो.

एक पथ्य मात्र कडक पाळावं. मॉड्युलेटरची वायर अँटेनाच्या केबलमध्ये पिळू नये. तसं केलं तर आपला अँटेनाच प्रक्षेपण करू लागतो, आणि शेजाऱ्यांच्या पडद्यावर आपला बॉक्स दिसतो. परवान्याशिवाय असं प्रक्षेपण करणं अनेक देशांत गुन्हा आहे.

## जुन्या टीव्हींमधला जिवाचा धोका

हा भाग घाईत वाचू नका. जुन्या टीव्हींपैकी अनेकांत मेन्सचा ट्रान्सफॉर्मर नसतो. भिंतीतली वीज सरळ आत घेतली जाते आणि टीव्हीचा धातूचा सांगाडा त्या विजेच्या एका तारेला जोडलेला असतो. प्लग उलटा बसला तर तो सांगाडा फेजवर असतो. अँटेनाच्या सॉकेटला त्यापासून वेगळं ठेवतात ते दोन-तीन छोटे कपॅसिटर.

टीव्ही एकटा असतो तोवर हे त्याच्यापुरतं राहतं. अनेक टीव्ही एका केबलने जोडले की केबलची जाळी सगळ्यांना एकत्र बांधते. एका टीव्हीतला चाळीस वर्षं जुना कपॅसिटर शॉर्ट झाला, तर मेन्सची वीज जाळीवाटे बाकीच्या सगळ्या टीव्हींच्या सॉकेटपर्यंत, आणि छतावरच्या अँटेनाच्या खांबापर्यंत पोचू शकते. छतावर अँटेना फिरवणाऱ्याला धक्का बसतो आणि दोष खालच्या खोलीत असतो.

म्हणून वाटणीत घेण्याआधी प्रत्येक टीव्ही वेगळा तपासा. अँटेनाची केबल काढा, टीव्ही चालू करा आणि सॉकेटच्या बाहेरच्या कड्याला किंवा स्क्रूंना टेस्टर लावा. दोन पिनांचा प्लग असेल तर तो उलटा करून पुन्हा लावा. दिवा लागला तर तो टीव्ही जाणकाराने तपासेपर्यंत केबलला जोडू नका. केबल हाताळताना मुंग्या आल्यासारखं झणझणलं तरी हेच. टीव्ही स्वतः उघडू नका; रंगीत पिक्चर ट्यूबवर २०,००० व्होल्टहून जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकून राहतो. जोडणी करताना सगळे प्लग भिंतीतून काढलेले असावेत. खांब आणि केबलची जाळी, दोन्हीला घरात शिरण्याआधी नीट अर्थिंग द्या. याने कपॅसिटरचा दोषही उघडा पडतो, कारण मग फ्यूज उडतो, आणि माणूस वाचतो.

## चित्र बिघडलं तर कुठून सुरुवात करायची?

छतावरून खाली येणाऱ्या केबलला एकच टीव्ही सरळ जोडा, मध्ये काहीच नको. बूस्टर असेल तर त्याची वीज सोडणारी डबी तेवढी राहू द्या. तिथे चित्र चांगलं असेल तर अँटेना निर्दोष. मग स्प्लिटर लावा आणि एकेक टीव्ही जोडत जा. ज्या टीव्हीनंतर बिघडलं, त्याची केबल, त्याचा बालुन किंवा तो टीव्हीच कारण आहे. व्हीसीआरमधून केबल पुढे नेली असेल तर त्याचा प्लग लावलेला आहे ना ते पाहा. बऱ्याच व्हीसीआरमध्ये वीज नसेल तर सिग्नल पुढे जात नाही. जोडाच्या टोकांवर बोट फिरवून बघा: जाळीचा एखादा केसाएवढा तार मधल्या तांब्याला टेकलेला असतो, आणि इतक्या शोधाशोधीनंतर बहुतेक वेळा तोच सापडतो.

सरळ जोडलेल्या एकट्या टीव्हीवरच चित्र वाईट असेल, तर स्प्लिटर आणि बूस्टर बाजूला ठेवा. आधी खांबावरच्या बालुनच्या डबीत पाणी शिरलंय का ते उघडून बघा.